‘पिशवीचा फिल्टर स्वस्त’: हिशेब कुठे चुकतो

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत पाणी गाळण्याबद्दल एक समज पक्का आहे: गाळायची कापडी पिशवी अडीचशेची, आपली जाळी आपोआप धुणारा (ऑटो) फिल्टर लाखांचा, मग पिशवीच बरी.

समजा, हाउसिंगमध्ये, म्हणजे पिशव्या बसवायच्या भांड्यात, 4 पिशव्या आहेत. पावसाळ्यात लाल गाळामुळे रोज बदलल्या तर दिवसाला 1,000, म्हणजे 120 दिवसांचे 1,20,000 रुपये. उरलेले आठ महिने पंधरवड्याला एकदा बदलल्या तर जेमतेम 16,000. यात लाइन बंद ठेवल्याचा वेळ, मजुरी आणि मळलेल्या पिशव्यांची विल्हेवाट धरलेलीच नाही. (खरेदी विभाग हे कधीच धरत नाही!)

पण ‘ऑटो बसवला की खर्च संपला’ हेही खोटं. जाळी धुवायला लाइनमध्ये साधारण 2 बार दाब लागतो. तो नसेल तर फ्लश (जाळी धुणारा पाण्याचा झोत) दुबळा पडतो, जाळी मळकीच राहते आणि झडप सारखी उघडून पाणी वाया जातं. शिवाय जांभ्याची बारीक चिकणमाती 50 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या भोकांच्या) जाळीतून सरळ निघून जाते. म्हणून जुलैतलं पाणी बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळीही गढूळच दिसलं तर जाळी घेऊ नका, आधी तुरटी आणि सेटलिंग टाकी (गाळ तळाशी बसू देणारी).

महिन्याला दोनच पिशव्या लागत असतील, तर पिशवीच ठेवा.