रॉजर कॉनरची ताकद चेंडूने कशी गिळली?

बेसबॉलचा विख्यात फटकेबाज बेब रूथने १९२१ साली मागे टाकला तो विक्रम रॉजर कॉनरचा होता: कारकिर्दीत १३८ होम रन, म्हणजे बहुधा कुंपणापलीकडे गेलेले असे फटके, ज्यांवर फलंदाज चारही बेस (मैदानातले थांबे) फिरून धाव पुरी करतो. आजच्या हिशेबाने आकडा किरकोळ वाटतो, कारण एकट्या १९२१च्या हंगामात रूथने ५९ मारले. पण कॉनर कमी ताकदीचा होता म्हणून हा फरक पडला, असं मला मुळीच वाटत नाही.

कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचा हा गडी सव्वासहा फूट उंच आणि शंभर किलोच्या आसपास वजनाचा. १८८० ते १८९७ तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये खेळला. १० सप्टेंबर १८८१ रोजी ट्रॉय संघ वूस्टरविरुद्ध शेवटच्या डावात तीन धावांनी मागे होता. दोन गडी बाद, तिन्ही बेसवर धावपटू. कॉनरने चेंडू असा टोलवला की त्याच्यासह चारही जण शेवटच्या बेसवर, म्हणजे ‘घरी’ आले आणि ट्रॉयने सामना ८-७ असा जिंकला. मेजर लीगमधला हा पहिला ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होम रन.

आता चेंडूकडे पाहू. बॅट आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. तेवढ्यात चेंडू चेपतो आणि पुन्हा फुगतो. आजचा चेंडू टणक, स्थिर पृष्ठभागावर आदळला तर साधारण ५५ टक्के वेगानेच परततो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे सुमारे ७० टक्के ऊर्जा आतल्या धाग्यांच्या घर्षणात जिरते. आणि हा झाला उत्तम प्रतीचा, कोरा चेंडू!

कॉनरच्या काळी गाभ्यात नुसतं रबर असे. बुचाचा गाभा १९११च्या हंगामापासून रुळला. शिवाय एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवत. मार खाऊन तो मऊ पडे, ओलावा शोषून जड होई. अशा चेंडूची उसळी घटते, आणि बॅटवरून सुटतानाचा वेग थोडा जरी कमी झाला तरी टप्पा कित्येक मीटर अलीकडे पडतो.

मग ती ताकद गेली कुठे? माझ्या मते ट्रिपलमध्ये. ट्रिपल म्हणजे एका फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे ८० मीटरहून जास्त धाव. कॉनरच्या नावावर असे २३३ ट्रिपल आहेत, होम रनपेक्षा शंभराच्या जवळपास जास्त. कुंपणापलीकडे न पोचणारे फटके क्षेत्ररक्षकांमधून निसटून लांब मैदानात घरंगळत जात आणि हा अवाढव्य माणूस धावत सुटे.

मैदानाचा वाटाही मोठा. १८८४ साली शिकागोच्या नेड विल्यमसनने २७ होम रन मारले, त्यांतले २५ घरच्या मैदानावर. तिथलं डावं कुंपण जेमतेम ५५ मीटरवर होतं. हंगामाचा तो विक्रम १९१९पर्यंत टिकला. मोडला तो रूथनेच.

१९२०मध्ये डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन हा फलंदाज दगावला आणि मळलेले चेंडू झटपट बदलायची सक्ती आली. थुंकी लावून चेंडू टाकण्यावरही त्याच वर्षी बंदी आली. रूथला पांढरे, कडक चेंडू मिळाले. कॉनर तेव्हा हयात होता, पण त्याचा विक्रम मोडल्याची कुणी दखलही घेतली नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत, त्याला १९७६ साली जागा मिळाली, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी.