घरच्या ओव्हनमधील ॲपल क्रंबल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

जळगावातील आमच्या दुकानातून ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन), काचेची बेकिंगची भांडी आणि बेकिंगचे साहित्य घेऊन जाणारे बहुतेक ग्राहक नव्या ओव्हनमध्ये सर्वांत आधी केक करून पाहतात. केक हा नवशिक्याची परीक्षा पाहणारा पदार्थ आहे. सोड्याचे प्रमाण, फेटणे, तापमान आणि वेळ यांपैकी एक जरी गोष्ट चुकली तरी तो मध्ये बसतो आणि नव्या ओव्हनवर उगाच दोष येतो. म्हणून पहिला पदार्थ कोणता करावा, असे विचारणाऱ्या ग्राहकांना आम्ही ॲपल क्रंबल सुचवतो. यात अंडे नसते, त्यामुळे शाकाहारी घरांत अडचण येत नाही. पीठ फुगवावे लागत नाही, फेटावे लागत नाही, लाटावेही लागत नाही. खाली सफरचंदाच्या फोडी आणि वर मैदा, बटर व साखर यांचा मोकळा चुरा, एवढाच त्याचा विस्तार आहे. मात्र खानदेशातील उन्हाळा आणि आपल्या बाजारात मिळणारी गोड सफरचंदे या दोन कारणांमुळे परदेशी कृती जशीच्या तशी उचलली तर पदार्थ हमखास बिघडतो, आणि त्यासाठीच हे पत्रक लिहिले आहे.

हा पदार्थ मूळचा ब्रिटनचा. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1940 पासून, तिथे बटर आणि साखर रेशनवर मिळू लागली. फळे भरून भाजलेल्या ‘पाय’ या पदार्थासाठी लाटलेली पारी लागते आणि तिला बटर जास्त लागते; क्रंबलचे त्याहून कमी बटरमध्ये भागते, त्यामुळे त्या टंचाईच्या काळात तो घरोघरी रुळला. आजही तिथल्या घरांत तो सणासुदीचा नव्हे, तर रोजच्या जेवणानंतरचा साधा गोड पदार्थ आहे.

सफरचंद कोणते घ्यावे

ब्रिटनमध्ये क्रंबलसाठी ब्रॅमली नावाचे खास शिजवण्याचे सफरचंद वापरतात. ते इतके आंबट असते की नुसते खाववत नाही, आणि म्हणूनच तिथल्या कृतींमध्ये फळाला भरपूर साखर लिहिलेली असते. आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलमधून येणारे लाल सफरचंद मुळातच गोड असते. त्यावर तेवढीच साखर घातली तर खालचा थर मुरंब्यासारखा लागतो आणि सफरचंदाची स्वतःची चव हरवते. आमचा सल्ला असा की साखर निम्म्याहून कमी करावी आणि आंबटपणा लिंबाने आणावा.

शक्य असेल तर निम्मी लाल आणि निम्मी हिरवी सफरचंदे घ्यावीत. ग्रॅनी स्मिथ या नावाने विकले जाणारे हिरवे सफरचंद आंबट असते आणि भाजल्यावरही त्याची फोड शाबूत राहते. लाल डिलिशसची फोड मात्र लवकर मऊ पडते. पिवळसर गोल्डन मिळाले तर उत्तमच. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत नव्या हंगामाचे फळ येते, तेव्हा निवडीचा प्रश्न नसतो. उन्हाळ्यात मिळणारी सफरचंदे बहुधा शीतगृहातील असतात आणि त्यांतील काही आतून पिठूळ झालेली असतात. अशा फळाचा ओव्हनमध्ये लगदा होतो. घेताना अंगठ्याने हलके दाबून पाहावे, आणि विक्रेता ओळखीचा असेल तर एक कापून चाखायला मागावे. साल चकचकीत व मेणचट दिसत असेल तर ती काढून टाकावी. एरवीही क्रंबलमध्ये साल दाताखाली चिवट लागते.

एक किलो सफरचंदे सोलून, मधला गाभा काढून, बोटाच्या पेराएवढ्या जाड फोडी कराव्यात. फार पातळ चकत्या केल्या तर त्या विरघळतात. फोडींना लगेच दोन मोठे चमचे लिंबाचा रस चोळावा, म्हणजे चवही येते आणि त्या काळ्या पडत नाहीत. मग 50 ग्रॅम साखर, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून हलक्या हाताने कालवावे. कॉर्नफ्लोअर वगळू नये, कारण भाजताना सफरचंदाला बरेच पाणी सुटते; ते दाट झाले नाही तर वाफ आणि रस वर चढून चुरा खालून गिच्च होतो. वेलची आवडणाऱ्यांनी दालचिनीऐवजी वेलची जरूर घालावी, परंतु दोन्ही एकत्र घालू नयेत, एकीने दुसरीची चव मारली जाते.

चुरा : सगळी मदार गार बटरवर

खरी काळजी इथे घ्यायची आहे. प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : मैदा 200 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम. खारे बटर असेल तर वेगळे मीठ घालू नये; बिनमिठाचे असेल तर चिमूटभर घालावे. साखर जाडसर दाण्याची चालते, आणि खांडसरी मिळाली तर चुऱ्याला रंग व खमंगपणा अधिक चांगला येतो. वाटीने मोजण्यापेक्षा वजनकाट्यावर मोजावे, कारण दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीतील मैद्यात पुष्कळ फरक पडतो.

आपल्या हातांना शंकरपाळे आणि करंजीच्या पिठाची सवय असते. त्या पिठात तुपाचे मोहन कडकडीत गरम करून ओततात आणि मुटका वळला की मोहन पुरेसे झाले असे समजतात. क्रंबलचे याच्या अगदी उलट आहे. इथे बटर थेट फ्रीजमधले, कडक हवे. ते सुरीने हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत कापून मैद्यात टाकावे आणि दोन्ही हातांच्या बोटांची फक्त टोके वापरून, तुकडा मैद्यासह चुरडत खाली सोडावा. तळहात लावू नये, तळहात बोटांपेक्षा गरम असतो. दोन-तीन मिनिटांत मिश्रण जाड्या रव्यासारखे दिसू लागते आणि त्यात अधूनमधून वाटाण्याएवढे गोळे राहतात. इथेच थांबावे. साखर शेवटी मिसळावी. मिश्रणाचा एकसंध गोळा होऊ लागला, तर बटर वितळले आहे असे समजून परात तशीच फ्रीजमध्ये ठेवावी.

असे करण्याचे कारण सांगितले म्हणजे कृती विसरत नाही. बटरचे गार कण मैद्याच्या आवरणात सुटे राहतात आणि ओव्हनमध्ये गेल्यावरच वितळतात; त्यांतील पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि त्या जागी चुरा पोकळ व खुसखुशीत होतो. बटर आधीच वितळले तर त्यातील पाणी मैद्याला लागून पीठ चिकट होते आणि भाजल्यावर वरचा थर एकच कडक पापुद्रा बनतो. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे उन्हाळ्यात चुरा सकाळी लवकर करावा, मैदा आणि परातही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, आणि तयार चुरा फळावर पसरण्यापूर्वी पुन्हा अर्धा तास गार करावा. याहून सोयीचे म्हणजे दुप्पट चुरा करून तो पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवणे. महिनाभर तो चांगला राहतो आणि तसाच गोठलेला वापरता येतो. पाहुणे अचानक आले तर फक्त सफरचंदे चिरायची राहतात.

बटरऐवजी तूप वापरायचे असल्यास 100 ग्रॅमऐवजी 80 ग्रॅम घ्यावे, कारण बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो आणि तुपात जवळपास सगळाच. तूप फ्रीजमध्ये घट्ट थिजवून, चमच्याने खरवडून घालावे. घरी काढलेल्या लोण्यात ताकाचे पाणी राहते, म्हणून ते आम्ही सुचवत नाही. त्याचे तूप कढवून वापरणे बरे.

मैद्यापैकी 50 ग्रॅम कमी करून तेवढे ज्वारीचे पीठ घातल्यास चुरा विशेष खुसखुशीत होतो आणि त्याला आपल्या मातीची चव येते. आमच्या मते हा बदल मूळ पदार्थापेक्षाही सरस आहे. बाजरीचे पीठ वापरायचे असेल तर त्याच दिवशी दळलेले हवे. ते लवकर कडवट होते आणि गोड पदार्थात तो कडवटपणा लपत नाही.

भाजणे

ओव्हनमध्ये खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कॉइल चालू करून 180 अंशांवर 15 मिनिटे आधी तापवावा. ओव्हनमधला पंखा चालू ठेवत असाल तर 160 अंश पुरतात. सुमारे 20 सेंटिमीटरच्या काचेच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या भांड्यात फोडी पसराव्यात, त्यांवर चुरा हाताने सैल भुरभुरावा. दाबून बसवू नये. भांडे मधल्या जाळीवर ठेवून 40 ते 45 मिनिटे भाजावे. काचेचे भांडे फ्रीजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नये, तडकण्याचा धोका असतो.

घड्याळापेक्षा कडेवर विश्वास ठेवावा. चुऱ्याचा रंग बदामी झाला आणि भांड्याच्या कडेने दाट, मधासारखा रस बुडबुडे काढत वर येऊ लागला, की आतले फळ शिजले. रंग आला पण रस वर आला नाही, तर वर फॉइल सैल ठेवून आणखी 10 मिनिटे द्यावीत.

ओव्हन नीट तापत नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात आमच्याकडे वारंवार येते. अशा वेळी ओव्हनपेक्षा विजेचा दाब आधी तपासावा. दाब 10 टक्क्यांनी उतरला, म्हणजे 230 व्होल्टचे 207 झाले, तर कॉइलची उष्णता सुमारे 19 टक्क्यांनी घटते. संध्याकाळी सगळीकडे कूलर चालू असताना ओव्हन तापायला 15 ऐवजी 20-25 मिनिटे लागली तर तो बिघाड समजू नये. दुसरे असे की 1500 वॅटचा ओटीजी साडेसहा ॲम्पियर प्रवाह ओढतो, म्हणून तो 16 ॲम्पियरच्या सॉकेटलाच लावावा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर कदापि लावू नये.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये चुरा खमंग होत नाही. कन्व्हेक्शनची, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय असली तरच त्यात करावे. ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांनी कढईत मीठ तापवून भांडे आत ठेवण्याचा खटाटोप करू नये, कारण उष्णता खालूनच मिळते आणि वरचा चुरा पांढरा राहतो. त्यापेक्षा फोडी पातेल्यात झाकण ठेवून शिजवाव्यात, चुरा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत वेगळा परतावा आणि वाढताना वर घालावा. थर एकजीव होत नाहीत, पण चव चांगली येते.

केळी घालता येतील का, हा प्रश्न जळगावात आम्हाला जवळपास रोज विचारला जातो. घालता येतात, परंतु सफरचंदाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नकोत. केळी पिवळीधमक पण टणक असावीत, साल काळवंडलेली नसावी, आणि फळातील साखर 50 ऐवजी 30 ग्रॅम करावी. लिंबाचे प्रमाण मात्र कमी करू नये.

वाढणे आणि ठेवणे

ओव्हनमधून काढल्यावर 15 मिनिटे थांबावे. रस तेवढ्यात आळतो आणि तोंड भाजत नाही. ब्रिटनमध्ये सोबत गरम कस्टर्ड देतात. बाजारात मिळणारी कस्टर्ड पावडर कॉर्नफ्लोअरची असते; बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये अंडे न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी ती बिनअंड्याची तयार केली होती. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर आणि थोडीच साखर पुरते. साईचे दाट दूधही छान लागते.

उरलेले क्रंबल उन्हाळ्यात तासाभराहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये. झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन दिवस टिकते. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा, चुरा त्यात मऊ पडतो. भांडे आधी थोडा वेळ बाहेर ठेवून गारवा कमी होऊ द्यावा आणि मग ओव्हनमध्ये 160 अंशांवर 15 मिनिटे ठेवावे.