तेल भरलेलं असतं, तरी इंजिन बसतं

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन ट्रॅकवर जाम होऊन बसलं की इंदुरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये पहिलं निदान एकच : "तेल कम होगा, भिया." मालक डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून दाखवतो. तेल खुणेपर्यंत असतं. मग दुसरं निदान येतं : तेल पातळ पडलं, पुढच्या वेळी जाड टाका आणि लिटरभर जास्तच टाका. पहिलं निदान निदान प्रामाणिक तरी आहे. दुसरा सल्ला मात्र इंजिनाच्या मुळावर येणारा.

गाड्यांचं वेड या शहराला जुनं आहे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली होती. हल्ली एखाद्याकडे एमजी किंवा ट्रायम्फसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार असते, आणि ती ट्रेलरवर घालून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत न्यायची हौसही असते. अशा माणसाने पहिला खर्च कशावर करावा? बहुतेक जण कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट म्हणतील. मी म्हणेन, तेलाच्या चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या संपवर. पण त्याआधी तेल इंजिनात नेमकं करतं काय, ते पाहायला हवं.

'तेलाने घर्षण कमी होतं' हे आपण शाळेत शिकलो. त्यातली खरी गंमत 1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाच्या इंजिनिअरला अचानक सापडली. तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर, म्हणजे आस ज्यात टेकून फिरतो त्या भागावर, प्रयोग करत होता. आसाची खालची बाजू तेलात बुडालेली, वर बेअरिंग आणि त्यावर भार. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आत तेल जाण्याऐवजी तिथून तेल वर यायला लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंड होता आणि मापकाचा काटा 200च्या पुढे जाऊन टोकाला भिडला.

तेलाला हा दाब कुठल्याही पंपाने दिला नव्हता. तो फिरत्या आसाने स्वतःच निर्माण केला होता. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आस आणि बेअरिंग यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते. भाराने आस थोडा सरकतो आणि एका बाजूला फट निमुळती होते. फिरणारा आस चिकट तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढत नेतो. तेल दाबून लहान होत नाही, मग दाब चढतो आणि आस वर उचलला जातो. पावसात भरधाव गाडीचं चाक रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतं, तेही याच तत्त्वावर. हा दाब तेलाची चिकटाई आणि आसाचा वेग यांच्या प्रमाणात वाढतो, आणि फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे फट झिजून दुप्पट झाली की बाकी सगळं तेच असूनही आधार चौथाईवर येतो. आणखी एक मजा : आस भाराच्या बरोबर दिशेने खाली सरकत नाही, तिरका सरकतो, कारण दाबाचं शिखर सर्वांत अरुंद जागेच्या थोडं अलीकडे असतं. (इथून पुढचं गणित कागदावर छान दिसतं, पण संपादक रागावतील.)

इंजिनात असा आस म्हणजे क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतात तो. क्रँकच्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते आणि तेलाचा थर सर्वांत पातळ जागी एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या थरातला दाब चौरस सेंटिमीटरला शेकडो किलो. डॅशबोर्डवरचा गेज दाखवतो तो चार-साडेचार किलो. त्यामुळे 'ऑईल प्रेशर क्रँकला उचलून धरतं' हा समज खोटा आहे. पंपाचं काम फक्त भरपाईचं : बेअरिंगच्या कडांमधून सतत गळणारं तेल पुन्हा पुरवत राहायचं. पण ही भरपाई तुटली तर? 6000 आरपीएमला क्रँक सेकंदाला शंभर फेरे मारतो. अर्ध्या सेकंदात पन्नास फेरे. थर मायक्रॉनचा, त्यात तेलाऐवजी हवा आली की धातूवर धातू. बेअरिंगचे शेल, म्हणजे आतली पातळ अस्तरं, वितळून जागेवरून फिरायला तेवढं पुरे.

आणि हवा येते वळणावर. गाडी वळताना तेल चेंबरच्या बाहेरच्या बाजूला चढतं, पंपाची तेल ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेल किती चढतं ते टायरची पकड ठरवते. वळताना कडेला ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका म्हणजे एक जी झाला की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग सरळ 45 अंशांनी तिरका होतो. 80 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 100 किलोमीटरने गेलं की जवळपास एक जी पडतो, आणि अर्धवर्तुळ पार करायला नऊ सेकंद लागतात. 1960च्या सुमाराला गाडी बनवणाऱ्याने हे गृहीतच धरलं नव्हतं. त्याच्या काळच्या अरुंद टायरवर गाडी त्याआधीच घसरली असती. आपण तीच गाडी, तेच चेंबर ठेवतो आणि चारही चाकांना आजचे चिकट टायर लावतो. इंजिन तेलाअभावी मरतं, पण त्याला मारतात टायर.

याची उलट बाजू इंदूरजवळच आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात 2021 साली 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सुरू झाला. त्याची वळणं अशी कलती बांधली आहेत की ताशी 250 किलोमीटरला गाडीवर कडेचा जोर उरतच नाही. सगळा जोर गाडीच्या तळाकडे. त्या वेगाला वळणातही तेल चेंबरच्या बुडाशी बसून राहील. वेग तेलाचा शत्रू नाही, सपाट रस्त्यावरचं लांब वळण आहे.

जास्तीचं लिटर का वाईट, तेही आता कळेल. पातळी वाढली की क्रँक तेलात घुसळायला लागतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. गाडीला लिंबू-मिरची टांगल्याने निदान इंजिनाचं नुकसान होत नाही. 'इंजिनाला नवजीवन' देणाऱ्या रंगीत बाटल्यांबद्दल मी तेवढीही हमी देणार नाही. जाळीच उघडी पडली तर बाटलीतलं अमृत पंपात जाणार कसं?

उपाय तीन. सर्वांत स्वस्त म्हणजे चेंबरमध्ये पंपाच्या जाळीभोवती पत्र्याच्या भिंती आणि एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं : तेल आत येतं, बाहेर पळत नाही. हे काम चांगला वेल्डर करतो, आणि बहुतेक हौशी गाड्यांना एवढंच पुरतं.

दुसरा, अॅक्युम्युलेटर. नळकांड्यात पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला तेल. दाब पडला की ते तेल बेअरिंगांकडे ढकललं जातं. शिवाय सुरू करण्याआधीच इंजिनाला तेल पाजता येतं, महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे वरदान. पण इंजिन सेकंदाला अर्धा लिटर पीत असेल, तर अडीच-तीन लिटर पाच-सहा सेकंदांत संपतात आणि आपलं वळण नऊ सेकंदांचं. पुढच्या सरळ पट्ट्यावर तो पुन्हा भरायला पंपातलंच तेल घेतो, हेही विसरू नये. भिंतींच्या जोडीला उत्तम, एकटा अपुरा.

तिसरा, ड्राय संप, म्हणजे कोरडं चेंबर. तेल चेंबरमध्ये साठवायचंच नाही. उपसणारे पंप ते हवेसकट ओढून उंच, अरुंद टाकीत गोल फिरवत सोडतात. हवा वर सुटते, तळातून शुद्ध तेल दाबाच्या पंपाकडे जातं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन याच जातीचं. बुलेट बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल क्रँककेसमध्ये झिरपतं आणि पहिल्या किकला धूर सोडते, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. जॅग्वारने आपलं एक्सके इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत ओल्या चेंबरचं ठेवलं, पण 1954च्या शर्यतीच्या डी-टाइपमध्ये ड्राय संप केलं. चेंबर उथळ झाल्याने इंजिनही खाली बसवता आलं.

मात्र त्याबरोबर जास्तीचं वजन येतं, गळायला तयार असलेले होस आणि जोड येतात, आणि पंप चालवणारा एक बेल्ट येतो. तो तुटला की गेज शून्यावर. खास जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं असेल तर मूळ गाडीत नसलेली यंत्रणा नियमात बसते का, हे आधी विचारून घ्यावं.

म्हणून आधी चांगला मेकॅनिकल ऑईल गेज लावा. लाल दिव्यावर विसंबू नका, तो दाब अर्ध्या किलोपर्यंत घसरल्यावर पेटतो. मग ज्या टायरवर शर्यत करणार, त्याच टायरवर सर्वांत लांब वळण घ्या आणि शेजारी बसलेल्याला काटा पाहायला सांगा. काटा स्थिर असेल तर पैसे ब्रेकवर घाला. वळणाच्या शेवटी थरथरला तर भिंती आणि दारं. भिंतींनंतरही पडत असेल, तर ड्राय संपचा हिशेब करायला बसा, आणि तोवर त्या वळणात पाय थोडा हलका ठेवा.