उदात्त

उदात्त (विशेषण व नाम) : मूळ अर्थ ‘वर उचललेला’. क्षुद्रपणाच्या वर राहणारा हेतू, विचार किंवा आचरण, हा आजचा अर्थ. पण हा शब्द मनाच्या गुणासाठी वापरला जाण्याआधी आवाजाचा होता. ‘उच्चैरुदात्तः’ असे पाणिनीचे सूत्र आहे. वरच्या पट्टीतला स्वर उदात्त, खालचा अनुदात्त आणि दोन्ही मिसळलेला तो स्वरित. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी. उदात्ताला काहीच खूण नसते. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे पठण नाशिकला जवळून ऐकावे. तिथे हे स्वर हात वरखाली नेऊन दाखवतात.

नाट्यशास्त्रात हा शब्द स्वभावाला लागला. धीरोदात्त नायक म्हटला की पंचवटीतला राम डोळ्यांपुढे येतो. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी मात्र हा गुण राजांना न देता सेनापती व अमात्यांना दिला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘दशरूपक’कार धनंजयाने क्षमाशील, स्वतःची बढाई न मारणारा, अहंकार झाकून ठेवणारा अशी धीरोदात्ताची लक्षणे दिली. याहून नेमकी व्याख्या पुढे क्वचितच झाली.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी अपराधी शत्रूचाही जीव घेऊ इच्छीत नसे, प्रजेच्या सुखदुःखात समरस होई, असे ती माता सांगते. शब्द नाही, पण भाव तोच. त्याच लेखात चातुर्वर्ण्याचा संकर, म्हणजे चार वर्णांची सरमिसळ, थांबवल्याचाही गौरव आहे.

रसायनशास्त्रात इंग्रजी ‘नोबल’मधल्या याच अर्थछटेसाठी मराठीने ‘राज’ जोडला : हेलियम, निऑन, अरगॉन हे राजवायू, सोने, प्लॅटिनम हे राजधातू.

जन्माने मिळणाऱ्या मोठेपणाला मराठीत कुलीन, खानदानी असे वेगळे शब्द आहेत, आणि उदात्ताची त्यांच्याशी गल्लत करू नये. सरदार ओढेकरांनी बांधलेल्या नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्य ठरवलेल्यांना प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने पुढे चालवला. मार खाऊनही सत्याग्रही शांत राहिले. दारे उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.