नाताळचा घरगुती तारा, गव्हाणीचा देखावा आणि थर्माकोल : नागपूरची पार्श्वभूमी

दिवाळीचे आकाशकंदील उतरलेले असतात आणि संक्रांतीच्या पतंगांचा बाजार पुरता तापायचा असतो, अशा मधल्या दिवसांत नागपुरात नाताळची तयारी होते. घरी केल्या जाणाऱ्या सजावटीचे रूप बरेचसे या वेळेनेच ठरवले. जुनी शुक्रवारीच्या पतंगवाल्यांकडे पतंगी कागदाचे नवे ताव, कामट्या आणि सद्दी (पतंगाचा सुती दोरा) आलेली असते. भंडारा-गोंदियाकडे धान निघून तणस (भाताचा पेंढा) मोकळी झालेली असते, कापसाची वेचणी चालू असते आणि आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर असतात. तारा, गव्हाणीचा म्हणजे येशूच्या जन्माच्या गोठ्याचा देखावा आणि भेटीचा डबा यांना लागणारे जवळपास सगळे यात आले. तरी मधली बरीच वर्षे हा माल बाजूला पडला आणि घरोघरी थर्माकोल शिरला. राज्याने २०१८ मध्ये त्याच्यावर घातलेल्या बंदीनंतर त्याचे काय करायचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

जुना इतिहास थोडक्यात असा. गव्हाणीचा देखावा मांडण्याची प्रथा इटलीत १२२३ पासून सांगितली जाते. छापील नाताळ कार्ड लंडनमध्ये १८४३ मध्ये निघाले. सजवलेले झाड जर्मन घरांतून इंग्लंडात गेले आणि १८४८ मध्ये राजघराण्याचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यावर मध्यमवर्गातही पसरले. अनेक टोकांचा कागदी तारा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या एका मिशनरी शाळेत भूमितीचा धडा म्हणून करून घेतला जाई. नागपूरच्या बाजूला कामठीची छावणी १८२१ ची, स्कॉटिश मिशनचे काम १८४५ पासूनचे आणि रेल्वे १८६७ ची. छावणी, मिशन आणि रेल्वे या तीन वाटांनी हे सारे सदर, कामठी, मेकोसाबागेपर्यंत आले. पाइनचे झाड मात्र आले नाही. त्याच्या जागी सुरूची फांदी लागली. ती ओल्या वाळूत रोवली नाही तर चार-पाच दिवसांत तपकिरी होऊन झडते.

पाच टोकांचा बांबूचा तारा ही पतंग आणि कंदील करणाऱ्या हातांचीच वस्तू आहे. मध्यम आकाराच्या ताऱ्याला ६० सेंमीच्या १० कामट्या आणि दोन सांगाड्यांमध्ये अंतर ठेवणाऱ्या १५ सेंमीच्या ५ टेकण्या लागतात. कामटी ५-६ मिमी रुंद, २-३ मिमी जाड असावी. तासताना बांबूची हिरवी पाठ ठेवायची आणि आतला भाग काढायचा, कारण लवचीकपणा पाठीत असतो. आतल्या भागाची कामटी वाकवताना उभी चिरते. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करायची. पाच समान काड्यांच्या चांदणीत काड्या एकमेकींना लांबीच्या ०.३८२ पटीवर छेदतात, आणि ६० सेंमीला ते २२.९ येते. ही खूण न करता नजरेने बांधलेल्या ताऱ्याचे एक टोक हमखास लांब निघते, आणि मग कितीही कागद ओढला तरी ते लपत नाही.

पाच काड्या एक वर, एक खाली अशा विणायच्या. आधी पाच टोके आणि मग आतले पाच छेद सद्दीने बांधायचे. नायलॉनचा दोरा बांबूवर सरकतो. सुती दोरा ओला करून बांधला तर सरकत नाही. असे दोन सांगाडे समोरासमोर ठेवून फक्त टोके एकमेकांना बांधायची आणि आतल्या छेदांमध्ये टेकण्या बसवायच्या. टेकण्यांच्या दोन्ही टोकांना खाच हवी, नाहीतर वाऱ्याने त्या निसटतात. पाचही टेकण्या ओळीने घातल्या तर सांगाडा पिळतो. एक सोडून एक घातल्या तर ताण सारखा वाटला जातो.

कागदाचे तुकडे २२ होतात. २३, २३ आणि १५ सेंमी बाजूंचे २० त्रिकोण आणि १४ सेंमी बाजूचे २ पंचकोन, सगळ्यांना १ सेंमी जादा कड. पुढच्या-मागच्या त्रिकोणांचा पाया खरे तर १४ चा असतो, पण कडेत ते खपून जाते आणि एकाच पुठ्ठ्याच्या साच्यावर वीसही कापता येतात. ५० बाय ७५ सेंमीचे तीन ताव पुरतात. मागचा पंचकोन खालच्या एका कडेने मोकळा ठेवायचा, दिवा तिथूनच आत जातो.

खळ दोन चमचे मैदा आणि एक कप पाण्याची, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळलेली. झुरळे लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे आणि हे काम बहुतेक घरांत मुलांकडे असते, तेव्हा न घातलेलेच बरे. खळ घट्ट झाली तर वाळताना कागदाला सुरकुत्या पडतात, फार पातळ झाली तर रंग पसरतो. चिकटवून झाल्यावर कागदावर पाण्याचा हलका फवारा मारला की वाळताना तो ताणला जातो. हे सकाळी अकरानंतर करावे. नागपूरची डिसेंबरची हवा दिवसा कोरडी असते, पण रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि उघड्या गच्चीवर दव पडते. त्या दवाने अर्धवट वाळलेली कड सुटते आणि तारा ढिला पडल्याचा दोष कागदावर येतो.

आत दिवा कोणता, यानेही ताऱ्याचे रूप बदलले. १५ सेंमी जाडीच्या ताऱ्यात सहा सेंमी व्यासाचा ४० वॅटचा बल्ब मधोमध टांगला तरी त्याच्यापासून कागद जेमतेम साडेचार सेंमीवर येतो. वारा आला की तेवढेही अंतर राहत नाही. जुन्या ताऱ्यांचे मधले पंचकोन म्हणून तपकिरी होत. त्यावर तोडगा झिरो बल्बचा होता, जो नाव काहीही असले तरी १२ ते १५ वॅट वीज खाई. २०१५ नंतर सरकारी योजनेतून एलईडी स्वस्त झाले आणि उष्णतेची काळजी गेली. नवी काळजी माळांच्या नुसत्या पीळ दिलेल्या सांध्यांची आहे. तिथे दव शिरते. सांधा ताऱ्याच्या आत घ्यावा आणि वर टेप गुंडाळावी.

नव्वदच्या दशकानंतर घडीचे, भोके पाडलेले पुठ्ठ्याचे तारे सीताबर्डीच्या फुटपाथवर दिसू लागले. १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि पुढच्या काही वर्षांत चिनी माळा, पीव्हीसी प्लॅस्टिकचे झाड, चकचकीत झालरी यांनी सदर-इतवारी भरून गेली. तयार तारा वाईट नसतो. तो घडी करून पुढच्या वर्षी वापरता येतो, जे पतंगी कागदाच्या ताऱ्याचे क्वचितच जमते. पण त्याच्या आकारात घरच्याला काही करता येत नाही.

गव्हाणीच्या देखाव्यात मात्र हाताचे काम टिकले, आणि ते टिकवले थर्माकोलने. गणपतीच्या मखरासाठी येणारे एक मीटर बाय अर्ध्या मीटरचे तक्ते नाताळात गोठ्याच्या भिंती, डोंगर, बर्फ, कमान अशा कशालाही चालत. कटरने किंवा तापवलेल्या तारेने कापता येतात, पांढऱ्या डिंकाने चिकटतात, वजन नाही. अडचण एकच : रबराचा सोल्युशनवाला डिंक किंवा स्प्रेचा रंग लावला की त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो आणि भिंतीला खड्डे पडतात. म्हणून पोस्टर कलर.

२३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेने सजावटीसाठी प्लॅस्टिक आणि थर्माकोलचा वापर बंद केला. जूनपासून दंड लागू झाला : पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. चर्चा सगळी गणपतीभोवती झाली. मखरवाल्यांनी त्या वर्षापुरती सूट मागितली आणि जुलैत उच्च न्यायालयाने ती नाकारली. नाताळच्या देखाव्याचा विचार कुणी वेगळा केला नाही, त्याची गरजही कुणाला वाटली नाही. नियम सगळ्या सणांना सारखाच लागत होता. पुढे केंद्राच्या १२ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून देशभर बंद होणाऱ्या एकदाच वापरायच्या वस्तूंच्या यादीत ‘सजावटीचे पॉलिस्टायरीन’, म्हणजे थर्माकोल, नाव घेऊन टाकले.

गुंता इथे आहे. फ्रिज, टीव्ही, मिक्सरच्या खोक्यांतून येणारा थर्माकोल बंद झाला नाही, कारण कारखान्यातच होणाऱ्या पॅकिंगला राज्याच्या नियमांत सवलत होती. तो घरात येतच राहिला. मग त्याचाच गोठा केला तर काय? एक वाचन असे, की बंदी वापरावर आहे, वस्तू कुठून आली यावर नाही. देखाव्यात बसला की तो सजावटीचा थर्माकोल झाला. दुसरे वाचन असे, की यादी सजावटीसाठी बनवल्या-विकल्या जाणाऱ्या मालाची आहे, आणि कचऱ्यात जाणारा पॅकिंगचा तुकडा चार वर्षे देखाव्यात राहिला तर त्याला ‘एकदाच वापरायची वस्तू’ म्हणणे ओढूनताणून आहे. दोन्ही वाचनांना शब्दांचा आधार सापडतो. घरातल्या गोठ्यावर दंड करायला कुणी येत नाही, त्यामुळे हा प्रश्न प्रत्यक्षात आवारांतल्या मोठ्या देखाव्यांना आणि देखाव्यांच्या स्पर्धांना भेडसावतो. तिथे नियमावली लिहावी लागते, आणि लिहिणारे बहुधा सावध होऊन ‘थर्माकोल नको’ एवढेच लिहून मोकळे होतात.

बंदीचे कारण पटण्यासारखे आहे. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवा असते, भंगारवाला तो वजनावर घेत नाही, आणि त्याचे मणी नाग नदीच्या काठावर कुणीही पाहावेत. पण भार कुणावर पडला, हेही पाहायला हवे. घरी कापून-चिकटवून करणाऱ्याचा माल नाव घेऊन यादीत गेला. शेजारच्या दुकानातले पीव्हीसीचे तयार झाड पुन्हा वापरता येते म्हणून केंद्राच्या यादीबाहेर राहिले. बनवणाऱ्याला नियम आणि विकत घेणाऱ्याला मोकळीक, असे काहीसे ते झाले.

त्यानंतर देखाव्यात जे परतले ते थर्माकोलच्या आधीचेच होते. डोंगरासाठी बारदाना : जुने पोते उकलून पातळ खळीत किंवा चिकणमातीच्या पातळ चिखलात बुडवायचे, विटा-डब्यांवर पसरवायचे आणि दोन दिवस हलवायचे नाही. चिखल मलईसारखा हवा. घट्ट झाला तर वाळल्यावर पोपडे निघतात. मातीत मूठभर बारीक तणस मिसळली तर तडे कमी जातात. कुंपणाला पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) किंवा तुरीच्या काड्या, छपराला तणसाच्या जुड्या. बर्फ कापसाचा. विदर्भात त्याला वेगळे काही शोधायला नको, पण कापूस आणि तणस दोन्ही क्षणात पेटतात. मेणबत्ती देखाव्यात ठेवायचीच नाही, समोर ठेवायची असेल तर पाण्याच्या ताटात.

हिरवळीसाठी गहू बारा तास भिजवून ओल्या फडक्यात मोड आणायचे आणि उथळ ताटात दोन सेंमी मातीवर दाट पसरायचे. घटस्थापनेला आठवड्यात वर येणारा गहू डिसेंबरच्या थंडीत दहा-अकरा दिवस घेतो, म्हणून १३-१४ डिसेंबरला पेरलेला २४ ला बोटभर उंच मिळतो. पाणी शिंपडूनच द्यावे. साचले तर तळाशी बुरशी धरते आणि वास येतो.

भेटवस्तूंकडे या नियमांचा एक धागा जातो. २०२२ च्या यादीत मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्मही आहे. कुलकुल, करंज्या, अनारसे यांच्या ताटावर ताणून बसवलेली चकचकीत झिल्ली हीच. सेलोफेन म्हणून विकली जाणारी झिल्ली बहुतेक वेळा प्लॅस्टिकचीच असते. पाण्यात ठेवली तर खरा सेलोफेन मऊ पडतो, ही पडत नाही.

घरगुती भेटीत नागपूरचे स्वतःचे म्हणावे असे संत्र्याच्या सालीचे आहे. पाव किलो सालीच्या पट्ट्या दहा-दहा मिनिटे दोनदा उकळून पाणी फेकायचे, नाहीतर कडवटपणा राहतो. साल बोटाने दाबली जाईल इतकी मऊ झाल्यावरच पाव किलो साखर आणि १५० मिली पाण्याच्या पाकात टाकायची, कारण आधी साखर लागली की साल पुढे कितीही शिजवा, मऊ होत नाही. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत पट्ट्या पारदर्शक होतात. मग जाळीवर दोन दिवस वाळवून साखरेत घोळवायच्या. ओलसर असताना बरणीत भरल्या तर आठवड्यात बुरशी येते.

झाडाला टांगायच्या सुक्या चकत्यांना मात्र संत्रे चालत नाही. त्याची साल फोडींपासून सुटी असते, चकती कापताच विस्कटते. तिथे मोसंबी घ्यावी. ५ मिमी जाडीच्या चकत्या, ओव्हन १०० अंशांवर, तीन ते चार तास, दर तासाला उलटून. उन्हात चार दिवस लागतात आणि रोज संध्याकाळी त्या घरात घ्याव्या लागतात. कागदी डब्यात तळलेला फराळ द्यायचा असेल तर आत बटर पेपरचे दोन थर हवेत, एका थरातून तुपाचा डाग दुसऱ्या दिवशी बाहेर येतो. डब्याच्या चिठ्ठ्यांना जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम : मागची कोरी बाजू वर घ्यायची, सोनेरी छपाई आत दुमडायची, आणि भोक पुठ्ठ्यावर ठेवून पाडायचे म्हणजे कड फाटत नाही.