थेलॉन नदीवरील कॅनू सफर

कॅनडाच्या उत्तरेत जिथे झाडांची हद्द संपते आणि टंड्रा सुरू होतो, त्या मुलखातून थेलॉन नदी वाहते. या नदीवर वाटाड्याच्या सोबतीने कॅनू, म्हणजे लांब निमुळती होडी, वल्हवत, तंबूत मुक्काम करत केलेल्या प्रवासाला येथे कॅनू सफर म्हटले आहे. ती बहुधा दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत चालते. वाटेत रस्ता, गाव, दुकान यांपैकी काहीही लागत नाही. आत जाण्यासाठी पाण्यावर उतरणारे विमान लागते आणि बाहेर पडण्यासाठीही तेच लागते. याला अपवाद फक्त नदीच्या टोकाला असलेल्या बेकर लेक या गावापर्यंत वल्हवत जाणाऱ्यांचा.

नदी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील व्हाइटफिश सरोवरातून निघते आणि सुमारे ९०० किमी वाहून नुनावुतमधील बेकर सरोवराला मिळते. पुढे तिचे पाणी चेस्टरफील्ड इनलेटमार्गे हडसन उपसागरात जाते. वरच्या टप्प्यात घळी आणि द्रुतवाह, म्हणजे खडकांतून उसळत वेगाने धावणाऱ्या पाण्याचे पट्टे, आहेत. पश्चिमेकडून येणारी हॅनबरी ही उपनदी तर त्याहून खडतर आहे. डिक्सन घळ, फोर्ड धबधबा, हेलन धबधबा अशा ठिकाणी कॅनू आणि सगळे सामान पाठीवर घेऊन जमिनीवरून पलीकडे न्यावे लागते. हॅनबरीचा संगम ओलांडला की नदी रुंद आणि संथ होते. बहुतेक सफरी याच संथ टप्प्यात होतात, त्यामुळे कॅनूचा जुजबी सराव असलेल्यालाही त्यांत सामील होता येते. त्यापुढे बेव्हरली, अ‍ॅबरडीन आणि शुल्ट्झ ही मोठी सरोवरे लागतात. त्यांच्याबद्दलचे मत ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेल्या वाऱ्यावर ठरते.

थेलॉनचे खोरे टंड्राच्या नेहमीच्या चित्रात बसत नाही. आजूबाजूला क्षितिजापर्यंत उघडी जमीन असताना नदीकाठाने मात्र पांढऱ्या स्प्रूसची झाडे वृक्षरेषेच्या पुष्कळ पुढपर्यंत गेलेली दिसतात. पुरात वाहून आलेले लाकूड बेव्हरली सरोवराच्या काठाला लागते. झाड नसलेल्या प्रदेशातले इन्युइट लोक पूर्वी स्लेज आणि कायाकसाठी लाकूड न्यायला तिथे लांबून येत. काठापासून थोडे वर चढले की गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतले शैवाक, घोट्याएवढी विलो आणि बर्च, आणि त्यांमधून गेलेले वाळूचे लांबच लांब बांध दिसतात. या बांधांना एस्कर म्हणतात. हिमयुगातील बर्फाच्या थराखालून वाहणाऱ्या प्रवाहांनी टाकलेल्या वाळू-गोट्यांचे ते बनलेले आहेत. जमीन खाली कायमची गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही आणि सपाटीवर सगळीकडे चिखल व गवताचे उंचवटे असतात. एस्करचा माथा तेवढा कोरडा राहतो. म्हणून चालायला, तंबू ठोकायला आणि चाकांच्या लहान विमानाला उतरायलाही तोच सोयीचा पडतो. लांडगेही बिळे तिथेच करतात.

या प्रदेशाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते मस्क-ऑक्स या लांब केसांच्या प्राण्यामुळे. कातड्यांसाठी त्याची इतकी शिकार झाली होती की १९१७ मध्ये कॅनडाने ती बंद केली. १९२७ मध्ये थेलॉन अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२,००० चौ. किमी आहे. १९९९ मध्ये नुनावुत वेगळे झाल्यापासून दोन प्रदेशांची सीमा या अभयारण्यातून जाते. १९९० मध्ये थेलॉन आणि तिच्या दक्षिणेकडील काझान या दोन्ही नद्यांना कॅनडाच्या वारसा नद्यांचा दर्जा मिळाला.

माणसांचा इथला वावर अर्थात फार जुना आहे. दक्षिण-पश्चिमेकडून डेने आणि उत्तर-पूर्वेकडून इन्युइट या मूळ रहिवासी समाजांचे शिकारी कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणांच्या मागावर या खोऱ्यात येत. थेलॉनचा वरचा भाग डेने लोक पवित्र मानतात. देवाने सुरुवात केली ती ही जागा, असे ते सांगतात. टेकडीवरच्या दगडी खुणा, तंबूची कड दाबून धरण्यासाठी मांडलेली दगडांची वर्तुळे, गारगोटीच्या कपच्या हे सगळे आजही उघड्यावर पडलेले आढळते. त्यातले काही उचलायचे नाही, हे वाटाड्या पहिल्याच दिवशी बजावतो. युरोपीय वंशाच्या प्रवाशांनी नदीची नीट पाहणी केली ती बरीच उशिरा. डेव्हिड हॅनबरी १८९९ मध्ये इथून गेला आणि पुढच्याच वर्षी जेम्स विल्यम्स टिरेलने नकाशे केले. मस्क-ऑक्ससाठी राखीव क्षेत्र असावे, असे टिरेलनेही सुचवले होते.

सफरीची आजची शिस्त ज्यांवरून समजते असे दोन मृत्युप्रसंग आहेत. जॉन हॉर्नबी हा इंग्रज भटक्या १९२६ मध्ये नात्यातला अठरा वर्षांचा एडगर ख्रिश्चन आणि हॅरल्ड अ‍ॅडलार्ड यांना घेऊन थेलॉनवर आला. काठच्या स्प्रूसच्या राईत त्यांनी लाकडी खोपटे बांधले. दक्षिणेकडे परतणाऱ्या कॅरिबूंची शिकार करून हिवाळ्याची बेगमी करायची, असा बेत होता. पण कळप हाती लागले नाहीत. १९२७ च्या एप्रिलमध्ये हॉर्नबी, मे महिन्यात अ‍ॅडलार्ड आणि जूनच्या सुमारास ख्रिश्चन, असे तिघेही उपासमारीने गेले. ख्रिश्चनने शेवटपर्यंत लिहिलेली रोजनिशी थंड पडलेल्या शेगडीत ठेवली होती, म्हणून ती वाचली. खोपट्याचे अवशेष आणि तीन क्रूस पाहायला सफरी आजही थांबतात. विचित्र गोष्ट अशी की, अभयारण्य व्हावे यासाठी हॉर्नबीने स्वतः सरकारला अहवाल दिला होता आणि ते स्थापन झाले त्याच वर्षी तो त्याच खोऱ्यात भुकेने मेला.

दुसरा प्रसंग शेजारच्या डुबॉन्ट नदीवरचा. १९५५ मध्ये आर्थर मोफॅट या अमेरिकन कॅनूपटूची सहा जणांची तुकडी रेंगाळत सप्टेंबरपर्यंत नदीवरच राहिली. शिधा संपत आला, बर्फ पडू लागले, तेव्हा घाई सुरू झाली. १४ सप्टेंबरला एक द्रुतवाह नीट न पाहता ते त्यात शिरले. कॅनू उलटल्या आणि थंडीने मोफॅटचा जीव गेला. तो नवखा मुळीच नव्हता. हॉर्नबीने तर उत्तरेत वर्षानुवर्षे घालवली होती. दोघांनाही नडला तो हिशेब, दिवसांचा आणि शिध्याचा.

धंदा म्हणून अशा सफरी सुरू झाल्या त्या १९७० च्या दशकात. फोर्ट स्मिथ येथील वन्यजीवशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स हॉल हा त्यातला अग्रणी. सरकारी नोकरीत न रमता त्याने थेलॉनच्या खोऱ्यात लोकांना नेण्यातच पुढची चार दशके घालवली. आजही पद्धत साधारण तीच आहे. यलोनाइफ किंवा फोर्ट स्मिथ येथे सहाआठ जणांचा गट जमतो आणि ट्विन ऑटरसारखे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावलेले विमान त्यांना सामानासह एखाद्या सरोवरावर सोडून परत जाते. कडक सांगाड्याची कॅनू विमानाला बाहेरून बांधावी लागते. त्यामुळे नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवून जोडता येणाऱ्या घडीच्या कॅनूंचा वापर वाढला आहे. सफरीच्या खर्चाचा मोठा वाटा विमानाचाच असतो.

हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. नदी जूनमध्ये मोकळी होते, पण मोठ्या सरोवरांवर जुलै उजाडला तरी बर्फ तरंगत असतो. जुलैमध्ये डास आणि काळ्या माश्या यांचा असा काही हैदोस असतो की जाळीचा सदरा आणि डोक्यावरून घ्यायची जाळी यांशिवाय जेवताही येत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर किडे ओसरतात, बेरी पिकतात, जमीन लाल-पिवळी होते आणि पहाटे दंव गोठू लागते. वाऱ्याचे गणित त्रासदायक आहे. वारा पडला की डास उठतात, वारा सुटला की सरोवरावर कॅनू घालता येत नाही. उंच लाटांमुळे दोनदोन दिवस किनाऱ्याला अडकून पडणे नेहमीचेच. अशा वेळी वाटाड्या दिवसा सगळ्यांना झोपवतो आणि रात्री पाणी निवळले की निघतो. ६४ अक्षांशाच्या आसपास जुलैत मध्यरात्रीही वल्हवण्यापुरता उजेड असतो, म्हणून हे जमते.

नवख्याला वाटते, वाटाड्या म्हणजे वल्हवण्यात तरबेज माणूस. प्रत्यक्षात त्याचे मुख्य काम थांबायचे कधी हे ठरवण्याचे. द्रुतवाहाचा आवाज आला की सगळ्या कॅनू वरच्या बाजूलाच काठाला लागतात आणि तो चालत जाऊन पाणी पाहतो. खडक कुठे आहेत, भोवरा कुठे आहे, आणि मुख्य म्हणजे चुकले तर उलटलेला माणूस वाहत कुठे जाईल, हे तो पाहतो. मग तीन पर्याय असतात. वल्हवत उतरायचे, कॅनूच्या दोन्ही टोकांना दोर बांधून काठावरून चालत तिला खाली सोडायचे, किंवा सरळ सामान उतरवून पाठीवर घ्यायचे. सराईत वाटाड्या तिसरा पर्याय निवडताना लाजत नाही. पाणी बर्फाहून थोडेच कमी थंड असते. त्यात पडलेल्याची बोटे काही मिनिटांतच कामातून जातात. उपग्रह फोन असला तरी हवा खराब असेल तर विमान त्या दिवशी येत नाही. म्हणून शिधाही ठरल्या दिवसांपेक्षा जास्त घेतला जातो. पीठ, डाळी, सुकवलेल्या भाज्या, चीज, तव्यावर भाजलेली बॅनक नावाची जाड भाकरी आणि जोडीला नदीतला ग्रेलिंग किंवा लेक ट्राउट मासा असा आहार असतो. अस्वलाला वास लागू नये म्हणून स्वयंपाक तंबूंपासून दूर होतो आणि कॅनू एका कुशीवर उभी करून शेगडीला आडोसा केला जातो.

प्राणी दिसतीलच याची हमी कोणी शहाणा वाटाड्या देत नाही. मस्क-ऑक्स काठच्या विलोत बहुतेक वेळा भेटतात. टंड्रावरचे ग्रिझली अस्वल, फिकट रंगाचे लांडगे, पिसे झडल्यामुळे उडू न शकणारे हंस-बदकांचे थवेही दिसतात. कॅरिबूंचे मात्र नक्की सांगता येत नाही. ते जवळ आल्याची एक खूण पाण्यावर दिसते. कॅरिबूचे केस आतून पोकळ असतात, ते बुडत नाहीत. उन्हाळ्यात झडणारे हे केस पाण्याच्या कडेने राखाडी पट्ट्यासारखे साचलेले दिसले, की वरच्या बाजूला कळपाने नदी पोहून पार केली असे समजायचे. मग वाटाड्या तिथेच मुक्काम जाहीर करतो, ठरलेला टप्पा गाठायचा राहिला तरी चालेल.

हा मुलूख निर्जन असला तरी बाहेरच्या जगापासून अगदीच सुटलेला नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह याच भागात कोसळला. हॅनबरीच्या संगमाजवळच्या वॉर्डन्स ग्रोव्ह येथे सहा तरुण हिवाळा काढत होते. त्यांतल्या दोघांना कुत्र्यांच्या गाडीवरून जाताना नदीच्या बर्फात त्याचे तुकडे दिसले. पुढे सफाईच्या खर्चापोटी सोव्हिएत संघाने कॅनडाला ३० लाख डॉलर दिले. युरेनियमच्या खाणींचा प्रश्न मात्र खोऱ्याच्या दोन्ही टोकांना उभा राहिला. वरच्या थेलॉनवरील शोधखोदाईला २००७ मध्ये डेने लोकांच्या श्रद्धास्थानाचा विचार करून नकार मिळाला. बेकर लेकजवळच्या किग्गाविक खाणीचा प्रस्ताव २०१६ मध्ये केंद्र सरकारने फेटाळला.

पूर्ण नदी वल्हवणाऱ्यांची सफर बेकर लेकला संपते. समुद्रापासून आत वसलेले हे नुनावुतमधले एकमेव गाव. वस्ती सुमारे दोन हजार, बहुसंख्य इन्युइट. छापचित्रे आणि भिंतीवर टांगायच्या भरतकामासाठी ते प्रसिद्ध आहे. तिथून रँकिन इनलेटला विमान मिळते. घडीची कॅनू सामानाबरोबर जाते. कडक कॅनू घेऊन आलेले ती बरेचदा गावातच विकून टाकतात, नाहीतर उन्हाळ्याअखेर येणाऱ्या मालवाहू जहाजावर चढवण्याची सोय करतात.