आपला मारिओ थोडा संथ होता

टीव्हीवर खेळायच्या 'मारिओ' या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या लेव्हलला कोपऱ्यातलं घड्याळ ४०० वरून उलटं मोजायला लागतं. हे आकडे सेकंदांचे नव्हेत. टीव्हीवर २४ चित्रं उमटून गेली की आकडा एकाने उतरतो, एवढाच हिशोब त्या गेममध्ये लिहिलेला आहे. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, म्हणून तिथे ४०० चा शून्य व्हायला १६० सेकंद लागायचे. भारतातली टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. तोच खेळ पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली डब्यात, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात, घातला की तेवढ्याच आकड्यांना १९२ सेकंद लागतात. मारिओची धाव, कासवाची चाल, उडी मारून खाली येण्याचा वेळ, सगळं चित्रांवर मोजलेलं असल्यामुळे सगळंच सहाव्या हिश्शाने संथ होतं.

घरी जुना डबा चालू असेल तर ताडून बघा. मारिओला जागेवर उभा ठेवा आणि ४०० चे ३०० व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. ४० सेकंद लागले तर तुमचा डबा जपानी चालीचा, ४८ लागले तर आपल्या.

लातूर, बीड, परभणी, नांदेडमध्ये नव्वदच्या दशकात आणि पुढची बरीच वर्षं ज्या लेकरांनी हा टीव्ही गेम खेळला, ती आता चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातलं कुणी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर हाच मारिओ उघडतं, दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच खड्ड्यात पडतं आणि म्हणतं, "हे जरा फास्ट वाटायलंय." लोक हसतात, वय झालं म्हणतात. मला मात्र त्या तक्रारीवर विश्वास ठेवावासा वाटतो. लहानपणीच्या गेमची माया शरीरात उमटलेली असते आणि ती ज्या डब्यावर उमटली त्याच डब्याच्या मापाची असते, असं मानायला विज्ञानात चांगला आधार आहे.

मूळ यंत्र निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम. ते जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, कामापुरती स्मृती फक्त २ किलोबाइट. १३ सप्टेंबर १९८५ ला आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला सकाळचा एक फोटोही बहुतेक वेळा याहून जड असतो. एवढ्याशा जागेत ३२ लेव्हल बसवायच्या म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच चित्र वापरलंय, रंग तेवढा बदललाय. इतक्या कमी सामानात इतकं मोठं जग उभं करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आपल्याकडे आल्या त्या या यंत्राच्या नकला, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मूठभरच असायचे, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने किंवा पुढच्या लेव्हलपासून. डब्याची वायर अँटेनाच्या जागी खोचायची आणि चित्र दिसेपर्यंत चॅनल फिरवत बसायचं. समोरचा टीव्ही कदाचित पैठण रोडवरच्या चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यातून निघालेला.

आणि मग लाइट जायची. मराठवाड्याच्या बालपणाबद्दल बोलताना लोडशेडिंग सोडून चालत नाही, आणि इथे तर त्याचा विषयाशी थेट संबंध आहे. मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. ती २ किलोबाइट स्मृती वीज असेपर्यंतचीच. शेवटच्या, आठव्या जगात पोचलेला खेळही एका क्षणात पुसला जायचा. लाइट आली की पुन्हा १-१, म्हणजे पहिल्या जगाची पहिली लेव्हल. तोच पहिला चालून येणारा गूम्बा, तीच प्रश्नचिन्हाची वीट, तेच मशरूम.

एखादी गोष्ट जमल्यानंतरही ती करत राहिलं की ती जास्त काळ टिकते, आणि सराव एका दमात करण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून केला तर आणखी पक्का होतो, हे शिकण्याच्या मानसशास्त्रातले दोन जुने आणि भक्कम निष्कर्ष. लोडशेडिंगने हे दोन्ही आमच्याकडून नकळत करून घेतलं. शेवटची लेव्हल कधीच न पाहिलेल्या माणसालाही १-१ डोळे मिटून सांगता येते, ती त्यामुळे.

असलं ज्ञान मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावर फेफऱ्यासाठी १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आपण हे आधी केलंय याची त्याला रोज शून्य आठवण, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. घटनांची आठवण आणि हातांची आठवण या वेगळ्या यंत्रणा आहेत, याचा तो ठोस पुरावा ठरला. हातांच्या आठवणीत मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि लहान मेंदू वेळेच्या बाबतीत फार काटेकोर. उडीचं बटण किती वेळ दाबून धरायचं हे अंगठ्याने ५० चित्रांच्या चालीवर शिकलेलं असेल, तर ६० च्या चालीवर तो चुकणारच.

डोळ्यांचंही तसंच. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसी गोमेझ, मायकल बार्नेट आणि कलानित ग्रिल-स्पेक्टर यांनी लहानपणी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉन भरपूर खेळलेल्या प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन केले. पोकेमॉनची चित्रं दिसली की त्यांच्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातली एक ठरावीक घडी जास्त प्रतिसाद देत होती; न खेळलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. त्याहून मोलाचं म्हणजे ही जागा सगळ्यांमध्ये जवळपास तीच निघाली. कारण सगळ्यांनी तो इवला पडदा साधारण तेवढ्याच अंतरावरून, नजरेच्या मध्यभागी धरून पाहिला होता. खेळाबरोबर खेळण्याची पद्धतही मेंदूत नोंदली गेली. हा अभ्यास मारिओवरचा नाही, पण घरातल्या एकाच टीव्हीपुढे सतरंजीवर बसून वर्षानुवर्षं तेच पाहिलेल्या डोळ्यांना तो लागू पडावा, असं मला वाटतं.

संगीताची गंमत आणखी बारीक आहे. मारिओचे संगीतकार कोजी कोंदो यांच्या त्या धूनची लय टीव्हीच्या चित्रांवर चालते, पण सुरांची उंची ठरते प्रोसेसरच्या वेगावर. डब्यातल्या तैवानी चिपचा वेग मूळ यंत्राच्या जवळपास तेवढाच, १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे सूर जवळजवळ जागेवर राहिला आणि लय उतरली, जशी द्रुत बंदिश कुणी त्याच पट्टीत मध्य लयीत गावी. ऐकणाऱ्याला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. आपल्या कानांची मूळ धून तीच.

पण हे सगळं एकट्याचं नव्हतं. डबा गल्लीत एखाद्याच घरी, रिमोट दोन आणि पोरं आठ. "तू मेलास की माझा नंबर" या एका नियमावर दुपार जायची. खेळण्यापेक्षा बघणंच जास्त, आणि बघूनही माणूस शिकतो. कॉन्ट्रा या दुसऱ्या गेममध्ये ३० लाइफ मिळवायचा कोड काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी केला होता, कारण चाचणी घेताना तो गेम त्यांनाच फार अवघड जात होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए. कॉन्ट्राबरोबर तो कोड जपानहून निघून उदगीर-सेलूच्या गल्लीत पोचला, आणि आमच्याकडचा शेवटचा प्रवास त्याने तोंडोतोंडीच केला.

नॉस्टॅल्जियावर काम करणारे टिम विल्डशूट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांच्या अभ्यासात हीच गोष्ट ठळक दिसते. माणसं जुन्या आठवणी सांगतात तेव्हा त्यांत बहुधा जिवाभावाची माणसं असतात, आणि ती आठवण बऱ्याचदा मन उतरलेलं असताना येते. २००८ मध्ये चीनमधल्या स्थलांतरित कामगारांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की एकटेपणा जास्त तिथे जुन्या दिवसांची ओढ जास्त, आणि ती ओढ असलेल्यांना आपल्या पाठीशी माणसं आहेत असंही जास्त वाटतं. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर राहणारा हिंगोलीचा इंजिनिअर रात्री मारिओ का उघडतो, हे मला यातून कळतं.

जगभर या गेमचे चाहते मात्र आठवणीवर थांबलेले नाहीत. त्यांनी मारिओचा सगळा कोड ओळ न् ओळ उलगडून टिपा लिहून ठेवल्यात. लेव्हल संपल्यावर पुढची सुरू करायची का, हे गेम दर २१ चित्रांनीच तपासतो, हे त्यांनीच शोधलं. म्हणून स्पर्धेत त्याहून कमी वाचवलेला वेळ बहुतेक लेव्हलना वाया जातो. हे सगळं पचवून एका खेळाडूने २०२१ मध्ये पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत गेम संपवला.

आपल्यासाठी त्यांचं सर्वांत उपयोगी काम वेगळंच आहे. रशियात १९९२ मध्ये 'डेंडी' नावाचा असाच तैवानी चिपचा, ५० चित्रांचा डबा आला आणि तिथली एक पिढी संथ मारिओवर वाढली. चाहत्यांनी गेमची फाइल जतन करायची जी पद्धत ठरवली, तिच्यात जपानी-अमेरिकी आणि युरोपी चालीशेजारी डेंडीच्या चालीलाही जागा दिली. फॅमिकॉमचा खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या मेसेन, एफसीईयूएक्स या प्रोग्रामांमध्ये 'डेंडी' असा पर्याय आहे. तो निवडला की परभणीचा मारिओ परत मिळतो.

आपल्या डब्यांची मात्र नोंद तुटपुंजी आहे, आणि ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. हे अधिकृत गेमचं झालं, नकली कॅसेट तर कुणाच्या यादीतही नसतात. तेव्हा माळ्यावर डबा असेल तर टाकू नका. कॅसेटला फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात, आणि तेव्हा गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिना पुसा. डबा उघडता आला तर मोठ्या चिपांवरचे आकडे बघा: यूए६५२७पी आणि यूए६५३८ लिहिलेलं असेल तर तो डेंडीच्याच घराण्यातला. तिथे काळा गोळाच असेल तर बोर्डवरची अक्षरं उतरवून घ्या. फोटो काढा, डब्याचं नाव, घेतल्याचं साल आणि गाव त्यावर लिहा.